लेन्स वापस पाठवू नका

बाबा,

चिखलीच्या साखरपुड्याले मी पुढं जाऊन राह्यली, तुम्ही दहाच्या एसटीनं या. तुमच्या कॅमेऱ्याले झूम लेन्स लावून ठेवली हाये. फोटो हलू नये म्हणून तिच्यात स्टॅबिलायझर हाये, त्याचं बटण बंद करू नका.

दुकानदाराले वापस पाठवायले तुम्ही ८५ची लेन्स बांधून ठेवली होती, तो खोका मी फोडला. चिडायचं तं चिडा, पण ती लेन्स खराब नाई. काल तिनंच मी आईचा पोळ्या लाटतानाचा फोटो काढला, पापणीचा केस न केस मोजून घ्या. जळगाव जामोदच्या लग्नातले जे फोटो पार्टीले आवडले, तेही माह्याच कॅमेऱ्यातले होते. तुमचे सारे हलले होते. आईले मी अजून सांगतलं नाई.

गुरुवारी खामगावच्या डॉक्टरकडे नंबर लावला हाये. नवी लेन्स कोणती घ्यायची, ते त्याच्यानंतर ठरवू.

चहा थर्मासमध्ये हाये. कप अर्धाच भरजा.

संजीवनी