दंडावर चालणाऱ्या खेळपेटीच्या जप्तीबाबत

कसबा बावडा, कोल्हापूर
दि. २१ जानेवारी १९८६

प्रति,
मा. प्रमुख व्यवस्थापक साहेब,
पंचक्रोशी शालेय विज्ञान प्रदर्शन समिती,
कोल्हापूर.

विषय : जप्त खेळपेटी शनिवारच्या अंतिम फेरीपूर्वी परत मिळणेबाबत, तसेच 'वसूल दंड' जमा करणे शक्य नसलेबाबत.

संदर्भ : आपल्या तपासनीस साहेबांची दि. १९ ची जप्तीपावती.

महोदय,

अर्जदार कु. शालन पिराजी माळवी ही चंद्रकोर कन्या प्रशालेत दहावी 'अ' मध्ये शिकते. मामा केरबा यांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात बसून तिने चार महिन्यांत एक खेळपेटी बनवली. पेटीवर दोन लाकडी पैलवान आहेत, एक खेळणाऱ्याचा आणि एक पेटीचा. माणूस दंड आवळतो तेव्हा स्नायूत विजेची बारीकशी लहर उठते. पेटी ती मोठी करून घेते आणि आपला पैलवान पुढे सरकतो. दिवा लागला की आवळायचे, विझला की सोडायचे. पाच वेळा साधले की समोरचा चितपट आणि घंटा! बटण नाही, दांडा नाही. अशी दुसरी पेटी जिल्ह्यात असल्यास अर्जदार ती बघायला चालत जाईल.

लहर पकडण्यासाठी कातडीवर धातूच्या तीन चकत्या चिकटवाव्या लागतात. त्या बाजारात न मिळाल्याने अर्जदाराने तीन पावल्या (चार आण्यांची नाणी) घासून, तारा जोडून, मिठाच्या पाण्यात भिजवून वापरल्या. पेटीवर पाटी होती : "दंड लावल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही." ही पाटी मराठीच्या बाईंनी तपासली असून तीत ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक निघाली नव्हती, हे नम्रपणे नमूद करणे भाग आहे.

रविवारी प्रदर्शनात तालमीतले बाळासो पैलवान आले आणि ओळीने तीनदा हरले. त्यांचा दंड मांडीएवढा आहे, पण तो सुटतच नाही. "ढिलं सोडायचं आमाला वस्तादानं शिकिवलंच न्हाय," असे ते म्हणाले. त्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या शेजारच्या शेवंताबाई बसल्या आणि पहिल्याच डावात घंटा वाजली. "पैलवान, उद्यापास्नं मोळ्या उचलाय या की माझ्यासंगं," असे त्या म्हणाल्या व लोक हसले. बाळासो रागाने निघाले आणि फाटकाशी मोठ्याने बोलले, "हितं दंड घेत्यात आन् वर हरिवत्यात!"

फाटकात आपले तपासनीस साहेब उभे होते. त्यांनी येऊन पाटी वाचली. मग शेवंताबाईंच्या दंडावरच्या पावल्या पाहिल्या. "मुलींच्या शाळेचा जुगार!" असे ते म्हणाले. अर्जदार खुलासा करणार, एवढ्यात शेवंताबाईंनी तिची बाजू घेतली : "सायेब, पोरीला काय बोलू नगासा. दंड माझा हाय, मी राजीखुशीनं दिलाय." हा कबुलीजबाब साहेबांनी शब्दशः लिहून घेतला व पेटी नेली.

जप्तीपावतीत हुकूम आहे की, "आजवर वसूल केलेला सर्व दंड समितीकडे जमा करावा, तोवर पेटी सोडली जाणार नाही." अर्जदार हुकूम मोडणारी मुलगी नाही. परंतु रविवारी एकूण त्रेचाळीस जणांनी दंड लावला आणि प्रत्येक जण आपापला दंड घेऊन घरी गेला. पैकी दोन मुरगूडला व एक गारगोटीला आहे. शेवंताबाई म्हणतात, "कारखान्याचा हंगाम सरंपतूर दंड देता येणार न्हाय, मोळी कशानं उचलू?" बाळासोंकडे मागण्याची अर्जदाराची हिंमत नाही.

सबब विनंती की, पेटी शुक्रवारपर्यंत सोडावी. अंतिम फेरीत सगळे पंपाचे आणि ज्वालामुखीचे प्रयोग आहेत. मुलीने बनवलेले चालते यंत्र एकच आहे, आणि ते आपल्या कपाटात आहे. ते शनिवारी मांडले गेले नाही तर पुन्हा संधी नाही, कारण पुढच्या वर्षी अर्जदार शाळेत नसेल. पाटी बदलण्यास ती तयार आहे. 'बाहू' हा शब्द बाईंनी सुचवला आहे, पण तो बाळासोंना कळणार नाही.

आपली खात्री होत नसल्यास आपण स्वतः एक डाव खेळावा. अर्ध्या बाहीचा शर्ट घालावा आणि उजवा दंड लावावा. खेळ संपताच दंड ज्याचा त्याला परत दिला जातो.

आपली नम्र,
शालन पिराजी माळवी

सोबत :
१) जप्तीपावतीची नक्कल.
२) मिठाची पुडी (डाव खेळावयाचा झाल्यास).