हाताची सावली

गुरुवार, संध्याकाळ. मैदानावरून आत्ताच आलोय, बूटही काढले नाहीत.

उद्या विद्यापीठाची स्पर्धा, आणि आज सरावात शंभर मीटरला सुषमा जागची हललीच नाही. मी मागून सुटायच्या इशाऱ्याच्या लाकडी फळ्या वाजवल्या, बाकीच्या पोरी सुटल्या, ही तशीच वाकलेली. वालूरची ही पोर, कॉलेजात हिच्यासारखी सुरुवात कुणाचीच नाही. मीच सगळ्यांना सांगतो, हिच्याकडून शिका.

लय ओरडलो. ती माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "सर, आज ऊनच न्हाई. तुमच्या हाताची सावली कुठं हाय?"

सावली! रोज संध्याकाळी सूर्य माझ्या पाठीशी असतो. वर उचललेल्या हाताची सावली तिच्यापुढं मातीवर पडते. ती खाली आली की ही सुटते. आज आभाळ भरलेलं.

सवय असेल. नुसती सवय. पण मग फळ्यांचा आवाज?

उद्या सकाळी इशारा देणारा माणूस बाजूला उभा असणार. त्याच्या हाताची सावली कुठं पडेल कुणास ठाऊक. पंचांना आधीच सांगू? तिला बसवून ठेवलं तर? नाही सांगितलं, आणि सगळ्यांसमोर ती तशीच वाकून राहिली तर?

एक गोष्ट लिहायची टाळतोय.

निघताना ती पाठमोरी बसून बुटाची नाडी सोडत होती. मी हळूच मागं गेलो आणि जोरात फळ्या वाजवल्या. लिंबाखाली झोपलेलं कुत्रं दचकून पळालं.

सुषमा नाडी सोडत राहिली.