हिच्या हातांसाठी साबण

३ जानेवारी
नोकरी सोडून दोन महिने झाले. सोडली, काढलं नाही. कालचं पोर साहेब झालं आणि मला पॅकिंग शिकवायला निघालं. ही अजून त्यावरून धुमसतेय. हॉस्पिटलात नर्स आहे, घर सध्या हिच्या पगारावर चालतं. बोलून दाखवत नाही, फक्त भांडी जोरात ठेवते.
आज ठरलं: नैसर्गिक साबण, घरच्या घरी. दिवसभर हात धुऊन हिच्या हातांना भेगा पडल्यात. बाजारचा साबण म्हणजे निव्वळ विष. पहिली वडी हिला. हात बरे झाले की नीट बोलायलाही लागेल. मग धंदा.

४ जानेवारी
व्हिडिओ पाहिले. सगळ्यांची एकच रड, सोडा आणि तेल काट्यावर तोलून घ्या. अरे, उभा जन्म पॅकिंग खात्यात गेला माझा, मला काटा कशाला? चहाचा कप पुरे. मुलगी कॉलेजात आहे, त्यामुळे तिला सगळं कळतं. म्हणाली, बाबा, काटा मागवते. नको म्हटलं.

७ जानेवारी
कॉस्टिक सोडा पाण्यात टाकला. वाफेने नाक-डोळे झोंबले. पातेलं ॲल्युमिनियमचं. फसफसून आलं, काळंठिक्कर पडलं. ॲल्युमिनियम चालत नाही हे सांगायला नको का? मुलगी म्हणे, सांगितलंय, पहिल्याच मिनिटाला. पहिलं मिनिट मी नेहमी पुढे ढकलतो, त्यात फक्त नमस्कार असतात.
पातेलं नेमकं हिचं आवडतं निघालं. ही एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा ओरडलेली परवडते.

८ जानेवारी
स्टीलचं पातेलं. खोबरेल, सोडा, लिंबाची साल. ढवळून खांदा निखळायची वेळ आली, तरी घट्ट होईना. वर अर्धा कप सोडा टाकला. झकास.

१० जानेवारी
वड्या कापल्या. वर पांढरी भुकटी आलीय. मुलगी म्हणते सोडा जास्त झाला. तिला कोणी विचारलं? नैसर्गिक म्हटलं की थोडी भुकटी येणारच.
सहा आठवडे वाळू द्यायच्या म्हणे. सहा आठवडे! अशाने कोणी धंदा केला?

११ जानेवारी, संध्याकाळ
ही ड्यूटीवरून आली तेव्हा मी बेसिनपाशी वडी आणि टॉवेल घेऊन उभा. म्हणाली, उद्या बघू, आज पाय दुखताहेत. म्हटलं, नवऱ्याच्या कष्टांची या घरात किंमतच नाही. आणखीही बरंच बोललो, आवश्यक होतं. शेवटी म्हणाली, "द्या इकडे. होऊ दे एकदाचं तुमचं समाधान."
फेस छान आला, हे नमूद करतो.

१२ जानेवारी
काल ही किती तरी वेळ नळाखाली हात धरून उभी होती. शेवटी मुलगी डॉक्टरकडे घेऊन गेली. भेगांमुळे जास्त भाजलं म्हणे. ड्यूटी बंद, पगार कापणार. आता भेगा काही मी पाडल्या नव्हत्या. पण हे बोलायची सोय नाही, मुलगी माझ्याकडे बघतसुद्धा नाही. खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं. लिंबू कमी पडलं असावं.

१३ जानेवारी
ही बहिणीकडे गेली. बॅग मुलीने भरली, तीही गेली सोबत. दारात ही म्हणाली, "माझ्या हातांसाठी करत होतात ना साबण? एकदा तरी हे हात हातात घेऊन बघितलेत?"
आता यात हे कुठून आलं? चार दिवसांत येईल परत. तोवर दुसरा घाणा काढतो.

१६ जानेवारी
हॉस्पिटलातून हेड सिस्टरचा फोन. हिचा लागत नाही म्हणून मला केला. हात कसे आहेत, बोटं वळतात का? मी म्हटलं, सुधारणा आहे. त्यांनी विचारलं, जास्त कुठल्या हाताला भाजलंय, उजव्या की डाव्या? मला सांगता येईना.  त्या म्हणाल्या, राहू द्या, मी तिलाच विचारते.
फोन ठेवल्यावर खूप आठवून बघितलं. ही दारात उभी राहून बोलत होती तेव्हा मी वड्या मोजत होतो.