लाकडाचा शर्ट

४ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं खोकं परवा सुखरूप पोचलं. आणणाऱ्या माणसाने ते दारात टेकवलं, घाम पुसला आणि आत तोफ आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मामांनी पाठवलंय, असूही शकेल.

स्वतःचं लाडकं यंत्र तुम्ही असं उचलून पाठवलंत, याबद्दल काय लिहू? मागच्या पडवीत खिडकीशी मांडलंय. स्क्रोल सॉ, स्क्रोल सॉ म्हणून तुम्ही इतकी वर्षं ज्याचं कौतुक सांगायचात, ते माझ्या शिवणयंत्राचं सख्खं भावंडच निघालं. तसाच वरून आलेला हात, तसंच खाली सपाट टेबल. फक्त सुईच्या जागी दोऱ्याएवढं बारीक, दातेरी पातं वरखाली होतं आणि लाकूड कापतं.

आईचं सांगते. अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं झालंय, म्हणजे टोमणे सुरू झालेत. उजवा हात मात्र मांडीवर दुसऱ्या कुणाचा आणून ठेवावा तसा पडून असतो. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, बोटांनी रोज काहीतरी धरलं, उचललं, फिरवलं पाहिजे. हे सुरुवातीचे महिने गेले तर हात कायमचा आखडेल. त्यांनी रबरी चेंडू आणि रंगीत कड्या दिल्या. आईने त्या डाव्या हाताने बाजूला सारल्या. म्हणाली, या हाताने जन्मभर कात्री चालवली, आता मी खुळखुळे वाजवू का?

म्हणून माझ्या डोक्यात एक आलंय. तिच्या कापड कापायच्या टेबलाची फळी मी जपून ठेवली होती. दोन बोटं जाड आणि लोखंडाशी सोयरीक असल्यासारखी टणक. त्यातून दोनच धड तुकडे निघाले आहेत. एकात शर्टाचे भाग कापून बसवायचे: पाठ, पुढचे दोन पल्ले, कॉलर, बाह्या. काढायचे आणि आपापल्या जागी घालायचे. खेळणं म्हणून ती हात लावणार नाही, पण शर्ट म्हणून लावेल. खाकी कागदाच्या गुंडाळीत तुमच्या पहिल्या भाषणाच्या शर्टाचे नमुने सापडले, तेच घेतले. बाहीचा कागद नेहमीप्रमाणे एकच होता, तो दोनदा उतरवून घेतला.

पण यंत्र माझं ऐकत नाही. टाकाऊ तुकड्यावर हात बसवायला गेले तर लाकूड बेडकासारखं उडालं. मग धूर निघाला. मग पातं तुटलं. कापडावर ठेवते तसे दोन्ही हात ठेवून लाकूड आपोआप पुढे सरकेल म्हणून मी वाट बघत बसले होते, तेही सांगून टाकते. सरकेना, तेव्हा ढकललं. आतून आईने विचारलं, कुठल्या मशीनचा एवढा छळ चाललाय?

कृपा करून फोन करू नका. फोनवर तुम्ही भाषण करता, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात आणि कृती लक्षात राहत नाही. पत्रच लिहा. पायाच्या प्लास्टरला जपा. माझ्यावरची माया आहे तशी जाड राहू द्या.

तुमची,
टाचणी

९ जून

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतका हसलो की प्लास्टरमधला पाय स्टुलावरून घसरला. माणूस व्यासपीठावर चढताना नाही, उतरताना पडतो, हे मी जगाला ओरडून सांगत होतो. आता स्वतःच्या पायावर लिहून घेतलंय.

आधी तुझा घोटाळा. शिवणयंत्राला सुईखाली दाते असतात, ते कापड ओढून नेतात. या यंत्राकडे तसले नोकर नाहीत. लाकूड तुलाच न्यायचं आहे. आणि नेणं म्हणजे ढकलणं नव्हे! तुझा मामा आयुष्यभर कारखान्यांच्या दारांत उभा राहून लोकांना 'रेटा' म्हणत आला. जुलमी माणसाला रेटावंच लागतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण जाड, टणक लाकूड जुलमी नाही. ते फक्त सावकाश आहे. त्याला रेटलंस की बिचारं पातं पोटातून वाकतं. वर रेघ बरोबर दिसते आणि खाली कड भलतीकडे जाते. पातं जेवढं खाईल तेवढंच त्याच्या पुढ्यात ठेव.

लाकूड उडालं ते पातं उलटं बसवल्यामुळे. दातांची टोकं खाली हवीत. बोट फिरवून बघ, खरवडेल तिकडे टोक. बारीक दातांचं पातं पातळ फळीला चांगलं. तुझ्या फळीला जाड, विरळ दातांचं लाव, म्हणजे दातांच्या मधून भुसा बाहेर पडायला वाट राहील. भुसा अडकला की पातं तापतं, लाकूड करपतं आणि धूर निघतो. ताण चांगला दे. नखाने छेडलं की पातं तारेसारखं वाजलं पाहिजे, भद्द आवाज आला तर सैल आहे. नमुन्याच्या कागदावरून खोकी बंद करायची चिकटपट्टी मार. काय जादू आहे कोण जाणे, तिच्यामुळे करपणं थांबतं. पात्याला अधूनमधून मेणबत्ती घास. वेग मध्यम. कोपरे टोकदार काढू नकोस, बाहीच्या मुंढ्यासारखे गोल वळव. पातं बोथट वाटलं की कंजूषपणा न करता बदल. नाकातोंडावर फडकं आणि डोळ्यांवर चष्मा नसेल तर यंत्राला हात लावायचा नाही.

शेवटी सगळ्यात मोठी गोष्ट. पातं आणि टेबल काटकोनात आहेत ना, हे गुण्या लावून बघ. सरळ म्हणजे सरळ! या जगात वाकड्याला फार लोक सामील असतात, आपण त्यांत भर घालायची नाही.

तो शर्ट मला कसा आठवणार नाही? ताईने माप घेताना मला हात वर करायला लावला आणि म्हणाली, भोंग्या, तू बोलताना हात उंचावणार, मग काखेत काचलं तर मुद्दा विसरशील. मुंढा मोकळा ठेवला आणि काखेत चौकोनी ठिगळ घातलं. लोक माझ्या उंचावलेल्या हाताचं कौतुक करत राहिले. तो हात तिने उभा केला होता, पोरी. तिचा हात उभा करायला माझं एक यंत्र गेलं तर ती परतफेडसुद्धा नव्हे.

काय होतं ते कळव. तुझ्या पत्रांची चटक लागलेला,
मामा

२३ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आज पत्र लिहायला हात जड झालाय, पण तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला?

तुम्ही लिहिलंत तसं सगळं केलं. एक सोडून. गुण्या लावला नाही. शिवणयंत्राची पट्टी कधी कलत नाही, त्यामुळे टेबल कलू शकतं हे माझ्या मनाला शिवलंच नाही. प्रवासात त्याचा स्क्रू ढिला झाला होता. पहिली फळी कापून झाली आणि बघते तर प्रत्येक तुकड्याच्या कडा आत उतरत गेलेल्या, बादलीच्या बाजूंसारख्या. तुकडे वरून निघतात, खालून निघत नाहीत, आणि भोकात थोडे खचून बसतात. पडवीतल्या फरशीवर यंत्र डगमगत होतं, त्याच्या पायाखाली ती फळी सारून दिली. निदान तेवढा तरी उपयोग.

मग टेबल सरळ करून दुसरी फळी घेतली. मामा, तुम्ही बघायला हवं होतं. पातं तारेसारखं वाजत होतं, धुराचा पत्ता नव्हता, भुसा पिठासारखा पडत होता. कडा आरशासारख्या सरळ. खाली पातळ फळी चिकटवली, तुकडे बसवले, तर फट शोधावी लागत होती. आईसुद्धा आतून म्हणाली, आज मशीन गातंय.

काल तिच्यापुढे ठेवला. ती ओळखून हसली. मुळात तिने हात पुढे केला, याचाच मला केवढा आनंद झाला! कॉलर धरली. कॉलर जरा उठली आणि अडकली. पुन्हा धरली, पुन्हा अडकली. मी मदतीला हात घातला तो तिने झटकला. मग बोटं घसरली, आणि ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, आता लाकडाचा शर्टसुद्धा माझं ऐकत नाही. तेव्हापासून तिने तो हात पदराखालून बाहेर काढलेला नाही. व्यायामाच्या बाई आल्या तरी नाही.

तिसरी फळी नाही. असती तरी काय केलं असतं? याहून चांगलं मला कापता येणार नाही. यंत्र परत पाठवू का, ते कळवा. तुमच्या उपकारांत कुठेच कमी नाही. कमी पडलं ते माझं.

तुमची,
टाचणी

२८ जून

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

यंत्र परत पाठवलंस तर मी ते प्लास्टरच्या पायाने लाथाडीन! हार मानायची तर निदान हरल्यावर मानावी. तू अजून हरलेली नाहीस.

तुझं पत्र हातात घेऊन मी टेबलाचा खण उघडायला गेलो. पाय असा, त्यामुळे नीट समोर बसता येत नाही. एका कोपऱ्याने ओढला आणि खण अडकला. सरळ ओढला असता तर लोण्यासारखा आला असता. मग लख्खकन डोक्यात आलं. जाड लाकडाच्या सरळ कडेचा तुकडा सरळच वर उचलावा लागतो. जरा तिरका झाला की संपूर्ण जाडीभर घासतो आणि जाम बसतो. तुझा माझा हात सरळ उचलतो. ताईचा हात अजून तिरका उचलतो.

आणि उतरत्या कडेचा तुकडा? बाटलीच्या बुचासारखा! जरा हलला की चारी बाजूंनी सुटला. हात तिरका असो नाहीतर थरथरता.

मी तुला सरळपणावर लांबलचक प्रवचन दिलं. तत्त्व म्हणून त्यातला शब्दही मागे घेत नाही. पण आपलं तत्त्व दुखऱ्या हाताच्या आड येत असेल, तर त्याने दोन पावलं बाजूला उभं राहावं.

तेव्हा तो वाकडा शर्ट यंत्राच्या पायाखालून काढ. पॉलिश कागदाने कडा घास, मेण लाव. तुकडे खचतात म्हणालीस ना? भोकांत जाड कापडाचं अस्तर घाल, तुझ्या घरी चिंध्यांना काय तोटा! तुकडे बोटभर वर राहिले की धरायला सोपे. मग तो तिच्याजवळ ठेव आणि निघून जा. 'आई, करून बघ' असं चुकूनही म्हणू नकोस. ती माझी बहीण आहे. आमच्या घरात 'कर' म्हटलं की न करणं हाच धर्म.

तू त्या फळीत दोनदा जीव ओतलास. त्यातलं एकही वाया जाणार नाही, असं मला मनापासून वाटतं. वाट बघतोय.

तुझा,
मामा

१२ जुलै

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

मजकूर माझा आहे, अक्षर टाचणीचं. मध्ये मध्ये ती नाक ओढतेय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

मागच्या आठवड्यात ही पोर तो दुसरा, उतरत्या कडांचा शर्ट माझ्या बाजूच्या स्टुलावर ठेवून, एक अक्षर न बोलता कपडे वाळत घालायला निघून गेली. एरवी हिची टकळी झोपेतसुद्धा बंद नसते. तेव्हाच समजलं की यामागे तुझी शिकवण आहे. मी ठरवलं, बघायचंसुद्धा नाही.

पण नजर गेली. आणि गेली ती बाहीवर गेली. अरे भोंग्या, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या! आपण कापड दुमडून कापतो, म्हणून एका कागदावर उजवी-डावी दोन्ही आपोआप निघतात. लाकूड थोडंच दुमडतं? हिने तोच कागद दोनदा, दोन्ही वेळा सुलटा चिकटवला. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी, आणि माणसाला दोन डावे हात लावून मोकळी झाली! पहिल्या वेळी कॉलरच्या रागात माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मला वाटलं, निदान बसवली तरी उलटी असेल. म्हणून बाही काढली, फिरवली, बसवून पाहिली. बसेना. पुन्हा सुलटी करून पाहिली, तर पुन्हा तोच डावा हात. मग मी जी ओरडले म्हणतोस! ही ओला टॉवेल हातात घेऊन धावत आली. मी बाही नाचवत तिला विचारत होते की मुंढ्याची पुढची बाजू कुठली ते तरी कळतं का. पण ती बाहीकडे बघेचना. माझ्या हाताकडे बघत उभी राहिली. मग मीही बघितलं.

बाही उजव्या हातात होती.

लगेच खाली पडली, ते सोड. आता रोज सकाळी पहिली तीच काढते. कधी जमतं, कधी नाही, आणि नाही जमलं की टाचणीला दोन शब्द सुनावते, त्यानेही बोटांना बळ येतं. बाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा. ही दुसरी बाही नीट कापून देते म्हणते. मी खबरदार म्हटलंय. ती तशीच राहील.

तू तुझं यंत्र दिलंस, आणि स्वतःचा सरळपणाचा हट्टही सोडलास. यंत्र देणारे पुष्कळ भेटतील. तुला हट्ट सोडताना मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं, म्हणून त्याचं मोल मला जास्त. या पोरीने माझ्यासाठी पडवीत भुसा खाल्ला. तुम्हा दोघांना आभार मानलेले आवडत नाहीत, म्हणून मुद्दाम मानते. पुष्कळ आभार.

आता कामाचं. पाय मोकळा झाला की इकडे ये, आणि त्याआधी अंगाचं माप पाठव. कापायला मला वेळ लागेल, म्हणून आतापासून सांगते. मुंढ्याचं माप मला पाठ आहे. पोटाचं मात्र खरं पाठव, श्वास आत ओढून घेतलेलं नको.

इथवरचं सगळं टाचणीने लिहिलं. खालची दोन अक्षरं मी घालते आहे. वाकडी येतील, चालवून घे.

ताई