मागच्या ओळीतलं गाऱ्हाणं

शुक्रवार, २ ऑक्टोबर २००९

प्रिय मैना,

आज गांधीजयंती. तसबिरीला हार घालून, मुलांना खाऊ वाटून शाळेतून दहा वाजताच घरी आले. तुझे भावोजी खालच्या मळ्यात हळवं भात कापायला गेलेत, ते जेवायच्या वेळेपर्यंत येत नाहीत. तेवढ्यात हे पत्र लिहून पाकीट चिकटवायचंय. गुरुप्रसाद दसऱ्याला आला होता, तो उद्या पुण्याला परत जाताना रत्नागिरीला उतरून तुझ्या हातात देईल. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला तो दवाखान्यातला मऊ आवाज काढतेस, ‘हं, बोल ताई, ऐकतेय मी’, आणि माझं डोकं फिरतं. सख्ख्या बहिणीशी असं बोलतात का? पत्रात निदान तुला मध्येच ‘हं’ म्हणता येणार नाही.

आधी जे पोटात आहे ते सांगून टाकते. मी तुझ्यावर जळते आहे. गेले तीन सोमवार हे सकाळच्या एसटीने रत्नागिरीला तुझ्याकडे येतात, दवाखान्यातल्या तुझ्या त्या खोलीत बाकावर तासभर बसतात आणि दुपारच्या गाडीने हसऱ्या तोंडाने परततात. परवा तर दसरा होता. आदल्या दिवशीच चक्का बांधून ठेवला होता, म्हटलं आज तरी घरी राहतील. तर म्हणाले, ‘मैनानं बोलावलंय, चुकवून चालायचं नाय.’ मी वीस वेळा सांगितल्याशिवाय दाढी न करणारा माणूस, न सांगता दाढी करून, धुतलेला सदरा घालून निघाला. आरशात बघून भांगसुद्धा पाडला. तू हसशील. हस. पण चोवीस वर्षांच्या संसारात माझ्याशी बोलायला म्हणून यांनी कधी भांग पाडलेला मला आठवत नाही. परत आल्यावर काय बोलणं झालं विचारलं, तर ‘काय नाय गो, असंच.’ तुला विचारलं, तर तू म्हणालीस, ‘ताई, ते त्यांचं आहे, मला सांगता येत नाही.’ माझ्या नवऱ्याचं, आणि मला सांगता येत नाही!

तुझं हे लहानपणापासूनचं आहे. दाभोळला बाबा दिवसभर लाँचवर तिकिटं फाडून घरी आले की पाय धुवायला पाणी मी द्यायचे, चहा मी करायचे, आणि दिवसभराचं सगळं ते सांगायचे तुला. तू काय करायचीस? काही नाही. पायरीवर त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसायचीस. अठ्ठ्याण्णव साली ते अंथरुणाला खिळले, तेव्हा दीड महिना रजा काढून मी त्यांचं सगळं केलं. अंग पुसलं, भांडं दिलं, पेज भरवली. तू मिरजेहून दोन दिवसांसाठी आलीस, आणि आईला आयुष्यभर जे घालूनपाडून बोलले होते त्याबद्दल ते त्या दोन दिवसांत तुझ्यापाशी रडून मोकळे झाले. मी तेव्हा मागच्या पडवीत त्यांची चादर पिळत होते. आतून हुंदका ऐकू आला आणि मी ती आणखी जोरात पिळली. लोकांना माझे हात लागतात आणि तुझे कान. हे मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

तरी गाऱ्हाण्याच्या बाबतीत तरी तू मध्ये येशील असं मला वाटलं नव्हतं. आपल्या दाभोळच्या घरात हे नव्हतं, म्हणून लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा मला त्याचं फार नवल वाटलं. गणपती असो, शिमगा असो, देवापुढे उभं राहून सगळ्या वाडीच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान यांच्या घराकडे. हे हात जोडून खणखणीत आवाजात एकेका घराचं दुखणं देवाच्या कानावर घालतात. कुणाची गाय गाभण राहत नाही, कुणाचा मुंबईतला पोरगा दोन वर्षं घरी फिरकला नाही, कुणाच्या सुनेला दिवस जात नाहीत. आणि प्रत्येक वाक्याला पुढे उभे असलेले पुरुष एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ बायका मागच्या ओळीत. आम्ही हात जोडायचे, बोलायचं नाही. पहिल्या वर्षी ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. नंतर मी यांना विचारलं, अख्ख्या वाडीचं सांगितलंत, आपल्या घरचं काहीच कसं नाही? तर म्हणाले, ‘गाऱ्हानं घालनाऱ्यानं आपलं सांगायचं नसतं.’ देवापुढे सोड, माझ्यापुढेही ते त्यांनी चोवीस वर्षं पाळलं.

यंदाच्या गणपतीचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पुण्यात स्वाइन फ्लूने माणसं जाऊ लागली होती, टीव्हीवर दिवसभर तोंडाला फडकी बांधलेल्या रांगा. गुरुप्रसादने भोसरीहून फोन केला, बाबा, या वर्षी येत नाही, इथलं दुखणं तिकडे न्यायला नको. तेवीस वर्षांचं पोर, पण शहाण्यासारखं बोलत होतं. हे फोनवरच कडाडले, ‘गनपतीला येनार नसशील तर पुन्ना दारात येव नको.’ पोर शनिवारी दुपारी आलं. रविवारी गणपती बसले, वाडी जमली, यांनी गाऱ्हाणं घातलं, ‘ही जी काय साथ आली आसंल ती शिवंभायेर ने रे म्हाराजा’, आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. त्यात गुरुप्रसादही होता. मंगळवारी त्याला श्वास घेववेना म्हणून तुझ्याकडे आणलं. गुरुवारी हे तापले, त्यांनाही तुझ्याच वॉर्डात ठेवलं. पोरगं सहा दिवसांत बरं झालं, यांचाही ताप उतरला, आणि सोमवारी वाडीतून निरोप आला की शेजारची यमुनाबाई गेली.

यमुनाबाई आमच्या वाडीची सुईण. गुरुप्रसाद तिच्याच हातात जन्मला, तीन महिने तिनेच त्याला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. सत्तरी उलटलेली, त्यात दमा. तिच्या घशातला नमुना कुणी घेतला नाही, त्यामुळे ती कशाने गेली हे कागदावर कुठेच नाही. डॉक्टर म्हणाले, दम्यानेही गेली असेल. पण वाडीने कागदाची वाट पाहिली नाही, आणि यांनीही नाही.

त्या दिवसापासून यांनी तोंड मिटलं. अकरा दिवस एक शब्द नाही. मी खाटेजवळ बसून शाळेतलं सांगितलं, भाताचं सांगितलं, म्हशीने लाथ मारून दुधाची कासंडी सांडली ते सांगितलं. रागावले, रडले, देवळातला अंगारा आणून लावला, पोथी वाचली. शंभर वेळा म्हटलं, अहो, तुमचा काही दोष नाही. हे भिंतीकडे बघत पडलेले. डॉक्टर म्हणाले, ताप गेला, आता हे मनाचं दुखणं आहे. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि यांना तुझ्या हाती सोपवलं, कारण मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेली नर्स त्या वॉर्डात तू एकटीच होतीस. मला आधी बरंच वाटलं. घरचं माणूस आहे म्हटलं.

अकराव्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन आले. तुझ्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून यांचा आवाज येत होता. बारीक, घोगरा, पण यांचाच. माझे पाय तिथेच थांबले. ‘बा देवा म्हाराजा,’ हे म्हणत होते, ‘पोरगा येत नव्हता, त्याला मी बोलावला.’ आणि तू म्हणालीस, ‘व्हय म्हाराजा.’ ‘माज्या मानासाठी बोलावला.’ ‘व्हय म्हाराजा.’ ‘यमुनाबायला मी मारली.’ मला वाटलं, आता तू म्हणशील, छे छे भावोजी, असं काही मनात आणू नका. मी अकरा दिवस तेच म्हणत होते. तू हळू म्हणालीस, ‘व्हय म्हाराजा.’ आणि माझा नवरा ओक्साबोक्शी रडला.

मैना, त्या वेळी मला तुझा जेवढा दुस्वास वाटला तेवढा सवतीचाही कुणाला वाटत नसेल. चोवीस वर्षं मी मागच्या ओळीत उभी आहे. ते दोन शब्द एकदाही माझ्या तोंडून निघाले नाहीत. आणि तू, या वाडीची कुणी नव्हेस, तोंडाला मास्क बांधून खुशाल पुरुषांच्या जागी उभी राहिलीस. मी डबा बाहेरच्या बाकड्यावर ठेवला आणि स्टँडवर चालत गेले. नंतर तू फोन केलास, ताई, आत का नाही आलीस? मी म्हटलं, गाडी चुकली असती. गाडीला अजून दीड तास होता.

तेव्हापासून तुझ्या नावाने बोटं मोडण्यात माझे दिवस चाललेत. भाकरी करपली तरी तू, शाळेत हजेरी चुकली तरी तूच. पण सोमवारी हे परतले की मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहते. मान जरा सरळ झालेली असते. गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलतात. दसऱ्याच्या दुपारी तुझ्याकडून आले, आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली आणि श्रीखंडाची वाटी बोटाने पुसून खाल्ली. ते बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की मी उठून मागे भांडी घासायला गेले. तिथे राखेत हात घालून बसल्यावर मला कळलं की राग तुझा नाहीच. मी यांच्यावर जळते आहे. यांना मनातलं ओतायला जागा मिळाली, मला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. गुरुप्रसाद शनिवारी आला तेव्हाच त्याचं अंग तापलेलं होतं. ‘आई, मी मागच्या खोलीत पडून राहतो, कुणाला आत सोडू नको’, असं तो आल्याआल्या म्हणाला. मी त्याला तापाची गोळी दिली आणि म्हटलं, बाबांना बोलू नकोस, वाडीत एकदा कळलं तर आपल्या गणपतीला कुत्रं फिरकणार नाही. रविवारी सकाळी दुसरी गोळी दिली, नवा सदरा घातला आणि पुढच्या ओळीत उभं केलं. गाऱ्हाणं झाल्यावर यमुनाबाईने त्याच्या गालांवरून हात फिरवला, तीच बोटं ओठांना लावून त्याचा मुका घेतला आणि मला म्हणाली, ‘वासंती, प्वाराचं आंग ऊन लागतंय गो.’ मी म्हटलं, प्रवासाचा शीण. ती ‘बरं’ म्हणाली आणि प्रसाद घेऊन घरी गेली. यांना यातलं काही माहीत नाही. यांना वाटतं, पोरगं पूजा झाल्यावर आजारी पडलं. गुरुप्रसादला मी माझी शपथ घातली आहे, म्हणून तो गप्प आहे आणि माझ्याशी डोळा भिडवत नाही. त्या दुपारी तुझ्या दाराबाहेरून एक पाऊल आत टाकलं असतं तरी सांगता आलं असतं की पोराला तुम्ही बोलावलंत, पण ताप मी लपवला. मी डबा ठेवून निघून आले. माझ्या वाट्याचंही त्यांनाच वाहू दिलं. या सोमवारी मी त्यांच्याबरोबर येते आहे. त्यांना बाहेर बसव, चहा दे, आणि आधी मला आत घे. ‘ताई, तुझा काय दोष’ असं काही म्हणू नकोस. मी गाऱ्हाणं घालीन. मला ते नीट येत नाही, मागे उभं राहून जेवढं कानावर पडलं तेवढंच येतं. तू फक्त उत्तर दे. मग दार उघड आणि यांना आत बोलाव. तेच सगळं मला पुन्हा त्यांच्यासमोर बोलायचंय, आणि तेव्हा तू गप्प राहा. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं की नाही, ते त्यांना ठरवू दे.

तुझीच,
तुझ्यावर जळणारी
वासंतीताई