दहा फुटांवरचा चेहरा

५ ऑक्टोबर, रविवार
मैत्रेयी सकाळी पुण्याला परत गेली. तिचा जुना कॅमेरा माझ्याकडे ठेवून गेली. म्हणाली, बाबांचा वेळ जाईल. जणू माझ्याकडे वेळ पडून आहे. असो. लेकरू आहे.

संकल्प: अनोळखी माणसांचे कँडिड पोर्ट्रेट. म्हणजे माणसाला कळू न देता त्याचा चेहरा टिपायचा. आयुष्यभर मुलांना कविता शिकवल्या, त्यामुळे मला फरक लगेच कळतो. पोझ देऊन काढलेला फोटो म्हणजे पाठ केलेली कविता. नकळत टिपलेला म्हणजे सुचलेली.

नोव्हेंबरात ज्येष्ठ नागरिक संघाचं स्नेहसंमेलन. सचिवांनी हॉलची एक भिंत मला दिली आहे. (अर्धी. उरलेल्या अर्ध्या भिंतीवर रांगोळीचे फोटो.) एकच चेहरा मोठा करून लावायचा. असा, की बघणारा हातातला चहा विसरेल. सगळ्यांना सांगून टाकलं. सांगितलं की माणूस बांधला जातो.

७ ऑक्टोबर, मंगळवार
बसस्टँडवर पहिला दिवस. तीन फोटो. एक माझ्या अंगठ्याचा, एक एसटीच्या चाकाचा. तिसरा एका फेटेवाल्या गृहस्थांचा. चेहरा काय सांगू, उन्हात तडकलेलं शेत. पण त्यांनी पाहिलं. विचारलं, काहून काढला फोटो, कोणाले दाखवायचा आहे? मी कँडिड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सदऱ्याची वरची गुंडी लावली, हात मांड्यांना चिकटवले आणि म्हणाले, आता काढा. काढला. डोळे मिटलेले आलेत.

अडचण कॅमेऱ्याची नाही. अडचण अशी की मी दिसतो.

८ ऑक्टोबर, बुधवार
सापडली. माझी भिंत सापडली.

कॅमेरा घरी चार्जिंगला, आणि मी नुसता चहाला गेलो होतो. स्टँडच्या गेटाबाहेर कंपाउंडच्या भिंतीला लागून कडुनिंब आहे. त्याखाली एक म्हातारी सीताफळांच्या टोपल्या मांडून बसते. हनुवटीवर गोंदण, कानांत चांदी. एकेक फळ उचलून त्याचे डोळे बघते आणि पिकलेलं वेगळं काढते. सहावीच्या पुस्तकात बाजाराला निघालेल्या बाईची एक कविता होती. कवी आठवत नाही, चाल आठवते. ती बाई हीच. तेव्हापासून चालतेय आणि आत्ता कुठे टेकली आहे.

चहावाला लखन माझा जुना विद्यार्थी. (एकही कविता पाठ नसायची.) त्यानं सांगितलं, तिचं नाव भुरीबाई. तांड्यावरून पहिल्या गाडीनं येते. स्टँडवरचे सगळे याडी म्हणतात, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. सीताफळाचा हंगाम महिना-दीड महिन्याचा, आणि गेटासमोरची ती जागा, म्हणून लांबच्या गाडीचे लोक उतरता-चढता घेऊन जातात. ती जागा गेली तर तिचा हंगाम गेला, असं बरंच काही तो सांगत होता. माझं लक्ष नव्हतं. कडुनिंबातून प्रकाश फार सुंदर गळत होता.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
अदृश्य होण्याची तयारी पूर्ण. स्काउट मास्तर होतो तेव्हाचं खाकी जाकीट. पुष्कळ खिसे. गुंड्या लागत नाहीत, पण उघडं जाकीट जास्त सहज दिसतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा. कोरोनातला मास्क. टोपी. आरशात मीच मला ओळखलं नाही.

सौ. इंदू स्वयंपाकघरातून बाहेर आली, दचकली, डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, कोर्टातून आले काय? यश.

११ ऑक्टोबर, शनिवार
धर्मपालच्या स्टुडिओत गेलो. जुना मित्र. हल्ली पासपोर्ट साइजवर उतरला आहे. पण त्यानं एक युक्ती दिली. अंतर आधी ठरवायचं. लेन्सची रिंग दहा फुटांवर ठेवायची, कॅमेरा पोटाशी धरायचा, त्यातून बघायचंच नाही. दहा फुटांवर जो चेहरा असेल तो आपोआप स्पष्ट येतो. टिपेश्वरचा वाघ पाणवठ्यावर असाच थांबत असेल.

नंतर म्हणाला, गुरुजी, त्यापेक्षा बाईले विचारून काढा ना. पाच मिन्टाचं काम.

बिचारा. छोट्या चौकटीत काम करून करून विचारही चौकटीत बसलेत.

१३ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ
दहा फूट अंदाजे चालत नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र. इंदूच्या शिवणयंत्राच्या खणातली टेप घेतली. निवृत्तीच्या वेळी शाळेतून आणलेला खडूंचा डबा उघडला. काय तो वास. डोळे भरून आले. (शिंकही आली.)

जाकीट, चष्मा, मास्क चढवून गर्दी होण्याआधी स्टँडवर. कडुनिंबापासून दहा फूट मोजले, फुली मारली. एकट्या भुरीबाईवर अवलंबून राहू नये म्हणून पेरूवाला, चण्यावाली आणि कुलपंवाला यांच्याही जागा मोजल्या. गोंधळ नको, म्हणून प्रत्येकाच्या मागे कंपाउंडच्या भिंतीवर ठळक नंबर टाकला. १, २, ३, ४. त्यांना वरून एक सरळ रेघ. अक्षर अजून तसंच वळणदार आहे.

पेरूवाल्यानं विचारलं, काहून मोजून राह्यले साहेब? मी म्हटलं, लवकरच कळेल. कलावंतानं आधी बोलू नये.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
स्टँडवर माझ्याविषयी आदर वाढलाय. मी आलो की आपोआप शांतता होते. कुलपंवाला उठून उभा राहिला. लखननं चहाचे पैसे घेतले नाहीत, राहू द्या साहेब म्हणाला. त्यानं मला ओळखलंसुद्धा नाही. शाळेत असतानाही त्याचं निरीक्षण कच्चंच होतं.

पोटाशी कॅमेरा धरून चौदा फोटो काढले. सगळ्यांत पाठी. पेरूवाला गाडी ढकलत निघतानाची पाठ, चण्यावालीची पाठ. भुरीबाई टोपल्यांवर फडकं बांधून भिंतीकडे तोंड करून बसलेली.

पाठीही बोलतात. ‘पाठमोरे यवतमाळ’ अशी मालिका होऊ शकेल. पण भिंतीवर पाठ लावता येणार नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार
आजचा दिवस सोन्यानं लिहावा असा. भुरीबाई आपण होऊन माझ्याकडे आली. पिशवीभर निवडक सीताफळं बाकावर ठेवली आणि हात जोडले.

"साहेब, दिवाळीवरी राहू द्या. मंग मी सोताच उठीन."

प्रतिमा स्वतः चालत आली. नंबर टाकल्यापासून तिला कळलं असणार की तिची निवड झाली आहे. पण उभी राहिलेली भुरीबाई मला नको होती, आणि सचिवांची घाई आहे. मी नम्रपणे सांगितलं, दिवाळीपर्यंत थांबणं माझ्या हातात नाही, वरून तारीख आली आहे.

तिनं जोडलेले हात खाली घेतले. चेहरा असा झाला की, काय सांगू. तोच फोटो हवा होता. पण कॅमेरा पोटाशी, आणि ती तीन फुटांवर. धूसर आलाय.

सीताफळं अमृत. इंदूनं विचारलं, कोणी दिली? म्हटलं, एका चाहतीनं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
कडुनिंबाखाली कुणी नाही. १, २, ३, ४ आणि पालापाचोळा.

मोठ्या छायाचित्रकारांचंही असंच होत असणार. ज्याच्या मागे जावं तो चेहरा निसटतो. रिकाम्या जागेचा फोटो घेतला. फोकस अचूक.

१९ ऑक्टोबर, रविवार
चैन नाही. घरी दिवाळीची साफसफाई. दोनदा बाहेर जाऊन आलो. दत्त चौकातल्या गर्दीत मी फक्त हनुवट्या बघत होतो. काल बँकेच्या रांगेत एक आजी बऱ्या वाटल्या. गार्डनं फोटो डिलीट करायला लावला आणि जाकीट कुठल्या खात्याचं ते विचारलं. कलेचं, असं सांगणार होतो. सुचलं घरी आल्यावर.

एक मात्र झालं. दोन ओळी सुचल्या:
डोईवर टोपली, पायांत वाट,
डोळ्यांत मावेना उतरता घाट.
इंदूला ऐकवल्या. ती म्हणाली, शिडी धरा.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
सचिवांचा फोन. दोन तारखेपर्यंत फोटो नाही आला तर पूर्ण भिंत रांगोळीला. म्हटलं, चेहरा तयार आहे, फक्त काढायचा आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार
जाकीट इंदूनं भिजत घातलंय. त्यामुळे साध्या पायजम्यात लखनकडे गेलो. त्यानं लगेच ओळखलं, या गुरुजी म्हणाला.

याडी कुठे आहे, असं सहज विचारलं. तो पातेलं खाली ठेवून सांगायला लागला.

"अतिक्रमणवाल्याचा साहेब आल्ता गुरुजी. टेपनं मोजलं, भितीवर नंबर टाकले, फोटो काढले. याडीनं त्याले फळंबी देऊन पाह्यले. वरून तारीख आली म्हणे. फळं मात्र घेऊन गेला."

आता ती लोहाऱ्याकडे, कारखान्यांच्या वळणावर बसते. तिथे ट्रक जातात, माणसं थांबत नाहीत. पेरूवाला गावी गेला. साहेब कसा होता, असं मी विचारलं. खाकी जाकीट, काळा चष्मा, तोंड झाकलेलं.

संतापजनक प्रकार आहे. अर्थात शहरात खाकी जाकिटं पुष्कळ आहेत. काळे चष्मेही. खडू तर कुणाकडेही असतो.

चहा अर्धा टाकला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
आणि टेपही कुणाकडेही असते.

३० ऑक्टोबर, गुरुवार
ऑटोनं लोहाऱ्याला. कॅमेरा नेला नाही. (बॅटरी कमी होती.)

ती वळणावर, धुळीत. टोपल्या भरलेल्या. फळं पिकून उकललेली, त्यांवर चिलटं. मी समोर बसलो. तिनं ओळखलं नाही, बाबा म्हणाली. दोन किलो घेतली. बोलता बोलता विचारलं, स्टँड का सोडलं? मग तिनं साहेबाचं वर्णन केलं. हातातल्या फळाचे डोळे बघत, अगदी सावकाश.

"बुटकाच होता. पोट पुढं. त्या पोटावर कॅमेरा धरे, जसं लेकरू खेळवून राह्यला. इकडं पाहतच नव्हता, पन कळे का ध्यान आपल्याकडंच हाय. अन् ओठातल्या ओठात काही म्हने. मले वाटलं मंतर म्हनते का काय."

सहावीची कविता. चालीत.

मी मान डोलावली. तिनं सांगितलं त्यात एक रेघ कमी नव्हती की जास्त नव्हती. पोटाबद्दल थोडी अतिशयोक्ती. ती पुढे म्हणाली, तुमच्यासारखा भला मानूस असता त बोलता तरी आलं असतं, बाबा.

मी सांगितलं, त्या साहेबाची बदली झाली असं ऐकलंय, बिनधास्त जाऊन बसा. ती हसली. म्हणाली, भितीवरचे नंबर पुसले काय त्यानं? तो सोता पुसन तवा मानीन.

ऑटोत खूप विचार केला. एखाद्या गैरसमजात आपण नकळत, अगदी कडेनं, सापडू शकतो. कँडिडमध्ये हे होतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
साहेबानंच पुसायला हवेत, तर साहेबच गेला पाहिजे. जाकीट नुकतं वाळलेलं, चष्मा, टोपी, मास्क. बादली इंदूची, फडकंही तिचंच. तिनं काही विचारलं नाही. हे जास्त वाईट.

स्टँडवर सगळे उभे राहून बघत होते. मी १ पुसला. रेघ पुसली. २ पुसला. ३ ला वाकताना जाकीट खांद्यापाशी उसवलं. ४ जरा दाबून लिहिला होता, जाईना. श्वास लागला म्हणून मास्क खाली केला. नेमका धर्मपाल स्कूटरवरून जात होता. त्यानं स्कूटर थांबवली आणि रस्त्यापलीकडून मोठ्यानं विचारलं, "गुरुजी, बाईचा फोटो जमला का मंग?"

चहाच्या टपरीवर कुणीच हललं नाही. लखननं माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर येत नसलं की मी त्याच्याकडे असाच पाहत असे.

मग तो आला, माझ्या हातातून फडकं घेतलं आणि ४ पुसून टाकला. चहाचे पैसे मात्र आज घेतले. मागचेही.

२ नोव्हेंबर, रविवार
भुरीबाई परत आली. लखननं निरोप पोचवला. पूर्ण निरोप पोचवला.

हंगाम उतरणीला लागलाय, टोपल्या निम्म्या. चण्यावाली शेजारी बसली आहे. पेरूवाला अजून नाही. सकाळी धाडस करून गेलो. साधा पायजमा. कॅमेरा पिशवीत, वर रुमाल. एक किलो मागितलं. तिनं तोललं, वर एक फळ घातलं नाही. मी उभाच राहिलो. तेव्हा तिनं वर पाहिलं, सरळ माझ्याकडे.

"फोटोच पाह्यजे होता त मांगाचा ना, गुरुजी. मी काय नाही म्हटलं असतं?"

ऊन कडुनिंबातून तिच्या हनुवटीवर उतरलं होतं. सगळं होतं. तोच चेहरा. मी पिशवीवरचा रुमाल बाजूला केला आणि विचारलं, मग आता काढू का?

ती पुढच्या फळाकडे वळली.

"आता नाही."

घरी येऊन सचिवांना मेसेज केला: प्रकाश मनासारखा मिळाला नाही. पूर्ण भिंत रांगोळीला द्यावी.