पुढे बांधलेली गाठ

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं भांडण अजून तुमच्याशीच चालू आहे.

धरमपेठेतल्या चित्रकलेच्या वर्गात तुम्ही जपानी ठशांची चित्रं दाखवायचात. चेरीच्या लाकडात कोरलेली, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. त्यातल्या बायकांना तुम्ही 'कलावंतिणी' म्हणायचात. त्यांच्या मानेची रेघ दाखवताना तुमचा आवाज भरून यायचा. मी मागच्या बाकावर बसून तुमचा शब्दन् शब्द टिपायची.

मग तुम्ही आमच्या घरी आलात. वस्तीतल्या विहारात जपानी पाहुण्यांनी कॅलेंडरं वाटली होती. त्यातलं एका बाईच्या चित्राचं पान आईने फ्रेम करून बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावलं होतं. धर्म बदलला तेव्हा तिने जुने देव स्वतःच्या हातांनी काढले, त्यानंतर ती भिंत कितीतरी दिवस रिकामीच होती. जपान म्हणजे बुद्धाला मानणारा देश. तिथून आलेली एवढी नटलेली बाई म्हणजे सिद्धार्थाची आई महामायाच, असं तिने ठरवून टाकलं. रोज संध्याकाळी ती तिच्यापुढे मेणबत्ती लावायची.

तुम्ही चहाचा कप घेऊन चित्राजवळ गेलात आणि हसलात. "अहो बाई, कमरेच्या पट्ट्याची गाठ पुढे बांधलीय, दिसत नाही? ही वेश्या. हिला मेणबत्ती लावता तुम्ही?"

आई म्हणाली, "आमाले काय मालूम, सर. विहारातून भेटली, म्हून लावली." आणि तुमचा चहा संपायच्या आत तिने चित्र उतरवलं. "घ्या ना सर, थंडा होऊन राहिला."

वर्गात कलावंतीण, आणि आमच्या भिंतीवर वेश्या? लहानपणीच विकल्या गेलेल्या त्या पोरींना, गाठ कुठे बांधू, असं कोणी विचारलं होतं का? हे मी सभांमधून गर्जून सांगते, लोक टाळ्या वाजवतात. पण त्या टाळ्यांनी आईचं काय होणार? तेव्हापासून ती घरात एकही चित्र स्वतःच्या मनाने लावत नाही. किराणा दुकानातलं साधं कॅलेंडर आलं तरी आधी माझ्यापुढे धरते. "पाह्य वं, हे बाई कोन होय? चांगल्या घरची आहे ना?" घरातले सगळे देव जिने बेधडक बाहेर काढले, ती आता एका कागदाला भिते.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "सरांचा फोटू असन तं आन वं. मोठा मानूस होता. भिंतीवर लावू."

मी म्हटलं, माझ्याकडे नाही.

आहे, सर. वर्गाच्या सहलीतला, तुम्ही मधोमध उभे. ती अजून अधूनमधून विचारते, आणि मी अजून नाहीच म्हणते.